नीलेतील गुठळी आणि रोहिणीचे काठिण्य

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तंजावरच्या दक्षिणेस वीस-पंचवीस किलोमीटरांवर, ओरत्तनाडु हे गाव आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाचा हा भाग होय. चहूकडे भाताची शेते, त्यांना पाणी पुरविणारा ग्रँड अनिकट कालवा, आणि गावात एक जुनी, ऐसपैस, दगडी वास्तू. ही वास्तू म्हणजे मुक्तांबाळ छत्र. तंजावरचे राजे दुसरे सरफोजी भोसले यांनी आपली सहचरी मुक्तांबा हिच्या स्मरणार्थ १८०२ च्या सुमारास ते बांधविले आणि त्यावरून गावास मुक्तांबाळपुरम असेही नाव पडले. रामेश्वराच्या यात्रेकरूंसाठी भोसले राजांनी जी अनेक छत्रे उभारली, त्या मालिकेतील हे एक.

महाराष्ट्रातील वाचकास छत्र म्हणजे केवळ अन्नछत्र असे वाटण्याचा संभव आहे. तंजावरच्या छत्रांचा व्याप त्याहून पुष्कळ मोठा होता. सरफोजीराजांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टोरिन यास जे पत्र लिहिले, त्यात या छत्रांचे तपशीलवार वर्णन आले आहे. प्रवाशांस भोजन, चारही वेदांचे अध्यापक, मुलांसाठी शाळामास्तर, अनाथ बालकांचे पालनपोषण, एवढे तर होतेच; शिवाय रोग, सूज आणि सर्पादिकांचे विष यांवर उपचार करण्यात निष्णात असे वैद्य तेथे नेमलेले असत. वाटेत आजारी पडलेल्या प्रवाशास औषध व पथ्याचे अन्न मिळे. गरोदर स्त्री आली तर तिचे बाळंतपण छत्राच्या खर्चाने होई, आणि प्रसूतीनंतर तीन महिने तिला तेथे राहण्याची मुभा असे. हे पत्र ओरत्तनाडुच्या छत्रापूर्वीचे आहे, परंतु ते छत्रही याच परंपरेतले. राजाला वैद्यकाची आवड होती हे प्रसिद्धच आहे. त्याने धन्वंतरी महाल ही वैद्यकशाळा चालविली आणि त्याच्या काळातील नेत्ररुग्णांची सचित्र टिपणे सरस्वती महाल ग्रंथालयात अद्याप जपून ठेवलेली आहेत.

या पत्रातील दोन गोष्टींपाशी वैद्यकाच्या अभ्यासकाने थोडे थांबावे. एक म्हणजे 'सूज' या विकाराचा केलेला स्वतंत्र उल्लेख, आणि दुसरी म्हणजे बाळंतिणीचे ते तीन महिने. दूरच्या प्रवासाने थकलेला वृद्ध यात्रेकरू आणि नुकतीच प्रसूत झालेली स्त्री, हे छत्राचे दोन पाहुणे आपण डोळ्यांसमोर आणू. दोघांचाही एकच पाय सुजला आहे, पोटरी दुखते आहे, कातडी ऊन लागते आहे. ही सूज त्या पायापुरतीच आहे, की त्या मनुष्याच्या हृदयाकडे व मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांविषयीही ती काही सांगत आहे? गेली वीस-बावीस वर्षे वैद्यकात ज्या प्रश्नाचा विचार चालला आहे, तो हाच.

सुजलेला पाय

छत्रातील वैद्यांनी जी सूज पाहिली ती सगळी एकाच कारणाची होती असे कोणी समजू नये. तंजावर व कुंभकोणम हा प्रदेश हत्तीपायाच्या रोगासाठी फार दिवसांपासून ओळखला जातो. तेथे तो रोग डासांमार्फत पसरणाऱ्या सूक्ष्म कृमींमुळे होतो. हृदय दुबळे झाले, मूत्रपिंडे बिघडली, अंगात रक्त कमी झाले किंवा साप चावला, तरीही पाय सुजतो. या सर्वांमध्ये एक कारण असे आहे की, ते बाहेरून किरकोळ दिसते आणि आतून जिवावर उठते. ते म्हणजे पायाच्या खोल नीलेमध्ये रक्ताची गुठळी होणे. वैद्यकाच्या परिभाषेत यास अंतर्क्लथन म्हणतात. वाहत्या रक्ताचे वाहिनीच्या आतच क्लथन व्हावे, म्हणजे ते गोठून जावे, असा त्याचा अर्थ.

हृदयातून रक्त ज्या वाहिन्यांनी बाहेर पडते त्या रोहिण्या, आणि ज्यांनी परत येते त्या नीला. रोहिणीची भिंत जाड व लवचीक असते, कारण हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा धक्का तिला सोसावा लागतो. नीलेची भिंत पातळ असते, दाब कमी, प्रवाह संथ. पायातील रक्ताला वर चढावयाचे असते, आणि त्याला वर ढकलण्याचे काम मुख्यतः पोटरीचे स्नायू करतात. चालताना स्नायू आवळले की नीला पिळली जाते व रक्त वर जाते. आतील झडपा त्यास पुन्हा खाली येऊ देत नाहीत. मोटेच्या बैलांसारखेच हे आहे. बैल थांबले की पाणी थांबले.

मनुष्य दीर्घकाळ निश्चल राहिला की झडपांच्या पाठीमागील खोबणींत रक्त साचते, आणि बहुधा तेथेच गुठळीचा आरंभ होतो. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रूडोल्फ विरखो याने १८५६ च्या आपल्या ग्रंथात हा सर्व विषय प्रथम शास्त्रशुद्ध पायावर उभा केला. पायातील गुठळीचा तुकडा सुटून रक्ताबरोबर हृदयातून पुढे जातो आणि फुप्फुसाच्या रोहिणीत अडकतो, हे त्याने दाखवून दिले. हाच अंतर्कीलनाचा प्रकार होय. त्याने मनुष्य काही मिनिटांत दगावू शकतो. प्रवाहाची मंदता, वाहिनीच्या अस्तराला झालेली इजा आणि रक्ताच्याच घटनेतील गोठण्याकडे कल, ही गुठळीची तीन कारणे आजही प्रत्येक विद्यार्थी 'विरखोचे त्रिक' म्हणून पाठ करतो. गंमत अशी की, विरखोने स्वतः हे त्रिक या स्वरूपात कोठे मांडलेले नाही. ते नाव त्यास नंतरच्या ग्रंथकारांनी बहाल केले.

१९४० साली लंडनवर बॉम्बवर्षाव होत असताना लोक रात्र-रात्र भुयारी आश्रयस्थानांत आरामखुर्च्यांवर बसून काढीत. खुर्चीची पुढची कड मांडीखाली रुतत असे. त्या काळात फुप्फुसातील अंतर्कीलनाने होणारे मृत्यू एकाएकी वाढल्याचे कीथ सिम्प्सन या डॉक्टरच्या लक्षात आले, आणि त्याने त्याचा संबंध या बसण्याशी जोडला. छत्राचा जुना यात्रेकरू पायी चालत असे. त्याच्या पोटऱ्या दिवसभर काम करीत. तीच यात्रा आज मोटारगाडीत एका जागी बसून होते, तेव्हा दर दोन-एक तासांनी उतरून चार पावले चालावे हा सल्ला उगाच दिलेला नाही.

बाळंतिणीची गोष्ट जराशी वेगळी आहे. प्रसूतीच्या वेळी फार रक्तस्राव होऊ नये म्हणून निसर्ग गरोदरपणातच रक्ताची गोठण्याची शक्ती वाढवून ठेवतो. वाढलेल्या गर्भाशयाचा ओटीपोटातील नीलांवर दाब पडतो, प्रसूतीत त्यांच्या अस्तराला इजाही होते. म्हणजे विरखोची तिन्ही कारणे तिच्या ठायी एकत्र येतात. त्यात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुष्कळ देशांतील रुग्णालयांत बाळंतिणीस कित्येक दिवस खाटेवरून उठू देत नसत. विश्रांतीच्या नावाखाली तिची पोटरी बंद ठेवली जाई. बाळंतिणीचा सुजलेला पांढुरका पाय हा तेव्हाच्या सुइणींच्या व डॉक्टरांच्या नित्य परिचयाचा होता.

रोहिणीत काय होते

आता रोहिणीकडे वळू. रोहिणीच्या भिंतीत वयपरत्वे मेदयुक्त पदार्थ, विशेषतः कोलेस्टेरॉल, साचू लागतो. त्याभोवती पेशी जमतात, तंतू वाढतात, पुढेपुढे चुनाही बसतो, आणि एके काळची लवचीक नळी कठीण व अरुंद होते. स्ट्रासबुर्ग येथील जीन लोबस्टाइन याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या स्थितीस रोहिणीकाठिण्य या अर्थाचे नाव दिले. १९०४ साली फेलिक्स मार्शां याने आतील पिठूळ मेदाचा निर्देश करणारे आज रूढ असलेले नाव सुचविले. हा विकार वर्षानुवर्षे मूकपणे वाढतो. मग एखाद्या दिवशी भिंतीवरील मेदाच्या गाठीचे आवरण फाटते, आतला पदार्थ रक्ताच्या संपर्कात येतो, आणि पाहतापाहता तेथे गुठळी होऊन वाहिनी बंद पडते. ती हृदयाची असेल तर हृदयविकाराचा झटका येतो. मेंदूची असेल तर पक्षाघात होतो.

येथेही शेवटचा घाव गुठळीच घालते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. परंतु ही गुठळी आणि नीलेतील गुठळी यांचे रूप भिन्न आहे. रोहिणीत प्रवाह वेगवान असतो. तेथे प्रथम बिंबाणू, म्हणजे रक्तातील चकतीसारखे सूक्ष्म कण, फाटलेल्या जागी चिकटतात व गुठळी पांढुरकी दिसते. नीलेतील संथ रक्तात फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे जाळे विणले जाते, त्यात तांबड्या कोशिका अडकतात व गुठळी लाल दिसते. त्यामुळे पहिलीवर बिंबाणूंना आवरणारी ऍस्पिरिनसारखी औषधे आणि दुसरीवर हेपारिन किंवा वॉरफरिन यांसारखी क्लथनरोधक औषधे, अशी विभागणी झाली. पाठ्यपुस्तकांत दोन प्रकरणे झाली, रुग्णालयांत दोन विभाग झाले. 'लाल गुठळी' व 'पांढरी गुठळी' यांचा एकमेकींशी संबंध नाही, असे विद्यार्थी दीर्घकाळ शिकत आले.

या विभागणीच्या बाजूने एक मोठा पुरावा होता. नीलांना काठिण्य येत नाही. सत्तर वर्षांच्या मनुष्याची महारोहिणी आतून खडबडीत झालेली असते, आणि तिच्या शेजारून जाणारी महानीला बहुधा गुळगुळीत असते. दोघींतून तेच रक्त वाहते, त्यात तेच कोलेस्टेरॉल असते. कालव्यांच्या प्रदेशातील शेतकऱ्यास हे उलटे वाटेल. त्याचा अनुभव असा की, गाळ बसतो तो संथ पाण्यात, वेगाच्या पाण्यात नव्हे. तेव्हा रोहिणीकाठिण्य म्हणजे निव्वळ गाळ बसणे नव्हे, एवढे तरी यावरून सिद्ध होते. मात्र शेतकऱ्याचा अनुभव अगदीच वाया जात नाही. रोहिणीतही काठिण्य सर्वत्र सारखे येत नाही. जेथे फाटा फुटतो, वळण येते, प्रवाह भोवऱ्यासारखा घोटाळतो, तेथेच ते आधी दिसते. मानेतील रोहिणीचा दुभागणारा भाग ही त्याची आवडती जागा होय.

मग नीलेची भिंत या विकारापासून जात्याच सुरक्षित आहे काय? निसर्गाने व शल्यचिकित्सकांनी मिळून या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. फुप्फुसाकडे जाणारी रोहिणी पाहा. नावाने ती रोहिणी, पण तिच्यातील रक्त नीलांतून आलेले, प्राणवायू कमी असलेले. तिच्यातील सरासरी दाब पाऱ्याच्या सुमारे १५ मिलिमीटरांइतका असतो; महारोहिणीत तो ९० च्या पुढे असतो. या वाहिनीत सहसा ठळक काठिण्य दिसत नाही. परंतु काही रोगांत फुप्फुसातील दाब वर्षानुवर्षे चढलेला राहतो, आणि अशा रुग्णांच्या फुप्फुस-रोहिणीत मेदाचे थर आढळतात. दुसरे उदाहरण हृदयाच्या शस्त्रक्रियेचे आहे. १९६७ साली क्लीव्हलंड येथे रेने फावालोरो या शल्यचिकित्सकाने पायातील नीला काढून ती हृदयाच्या बंद पडलेल्या रोहिणीस वळसा घालण्यासाठी जोडली, आणि ही पद्धत पुढे जगभर पसरली. पायात असताना साठ वर्षे निर्मळ राहिलेली तीच नीला रोहिणीच्या जागी बसविल्यावर काही वर्षांतच जाड होऊ लागते, आणि पुढे तिच्यात मेदाचे काठिण्य येते.

याचा अर्थ असा की, नीला व रोहिणी या दोन जाती नव्हेत. एकाच जातीच्या वाहिन्या निरनिराळ्या दाबाखाली राबत आहेत. मग त्यांचे विकारही एकमेकांना सर्वस्वी परके असतील, हे गृहीत का धरावे?

पादुआ येथील पाहणी

इटलीतील पादुआ येथे पाओलो प्रांदोनी आणि त्यांचे सहकारी यांनी हा प्रश्न सरळ रुग्णांनाच विचारला, असे म्हणता येईल. पायाच्या खोल नीलेत गुठळी झालेले २९९ रुग्ण त्यांनी घेतले. त्यांपैकी कोणासही रोहिणीकाठिण्याची लक्षणे नव्हती. शस्त्रक्रिया, अस्थिभंग, कर्करोग यांसारखे उघड कारण ज्यांच्या गुठळीस होते असे १४६ जण. कोणतेच कारण सापडत नव्हते असे १५३ जण. आणि तुलनेसाठी गुठळी नसलेले १५० लोक. प्रत्येकाच्या मानेतील रोहिणी त्यांनी श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या साहाय्याने तपासल्या. २००३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : कारणाविना गुठळी झालेल्यांपैकी ४७.१ टक्के लोकांच्या मानेत मेदाची निदान एक तरी गाठ होती. उघड कारण असलेल्यांत हे प्रमाण २७.४ टक्के, आणि गुठळी नसलेल्यांत ३२ टक्के.

आपले दोन पाहुणे आता पुन्हा आठवावेत. बाळंतिणीच्या गुठळीस कारण आहे. ती ज्या गटात बसते, त्या गटाच्या रोहिण्या इतरांहून वाईट निघाल्या नाहीत. वृद्ध यात्रेकरू चालत आला, कोठे पडला नाही, आजारी नव्हता, तरी त्याचा पाय सुजला. त्याच्या गटात मात्र जवळजवळ निम्म्यांच्या रोहिण्या बिघडलेल्या होत्या. पाय त्याच्या मानेविषयी बोलत होता.

विज्ञानात इतका नीटनेटका निष्कर्ष हाती आला की थोडे सावध व्हावे, असे आमचे मत आहे. चार वर्षांनी, २००७ साली, डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींवरून हेन्रिक टॉफ्ट सॉरेन्सेन व सहकाऱ्यांनी फार मोठी पाहणी प्रसिद्ध केली. पायातील नीलेत गुठळी झालेले २५,१९९ रुग्ण, फुप्फुसात अंतर्कीलन झालेले १६,९२५, आणि तुलनेसाठी १,६३,५६६ लोक, असा तिचा विस्तार होता. पायात गुठळी झाल्यावर पहिल्या वर्षात हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दीडपट आणि पक्षाघाताचे सुमारे दुप्पट आढळले. फुप्फुसाच्या रुग्णांत ते याहूनही अधिक होते. पुढील वीस वर्षे हे प्रमाण २० ते ४० टक्क्यांनी चढेच राहिले. येथवर पादुआचे म्हणणे दृढ झाले. पण याच पाहणीत असेही दिसले की, गुठळीस उघड कारण असो वा नसो, धोका जवळजवळ सारखाच होता. म्हणजे बाळंतीण व यात्रेकरू यांच्यामधील ती स्पष्ट रेषा येथे पुसट झाली.

आणि एक तिसरी पाहणी तर उलटीच बोलली. अमेरिकेत ४५ ते ६४ वर्षे वयाच्या तेरा हजारांवर स्त्रीपुरुषांच्या मानेतील रोहिणींची जाडी आधीच मोजून ठेवण्यात आली, आणि मग बारा वर्षांच्या आसपास त्यांचा मागोवा घेण्यात आला. ज्यांच्या रोहिण्या जाड होत्या त्यांना पुढे नीलेत गुठळ्या अधिक झाल्या काय? वरवर पाहता तसे दिसले. परंतु वय, लिंग व वंश यांचा हिशेब धरताच तो फरक नाहीसा झाला. हा निष्कर्ष २००६ चा. मेदाच्या गाठीतून सरळ नीलेतील गुठळी निर्माण होते, या कल्पनेस त्याने चांगलाच धक्का दिला.

या तिन्ही पाहण्या खऱ्या मानल्या तर काय उरते? बहुतेक अभ्यासकांचा कल असा आहे की, एक विकार दुसऱ्याचा बाप नसून दोघे भावंडे आहेत. वय हे त्यांचे पहिले समान कारण. दुसरे स्थूलता. २००८ साली अनेक पाहण्या एकत्र करून इटलीतील वाल्टर आजेनो व सहकाऱ्यांनी जो हिशेब मांडला, त्यात स्थूल मनुष्यास नीलेत गुठळी होण्याची शक्यता दुपटीहून अधिक, रक्तदाब असलेल्यास सुमारे दीडपट, मधुमेह्यास १.४ पट आढळली. धूम्रपानाचा व कोलेस्टेरॉलचा परिणाम मात्र लहान निघाला, आणि यातही शिकण्यासारखे आहे : ज्या कोलेस्टेरॉलला रोहिणीचा मुख्य शत्रू मानतात, त्याचे नीलेशी फारसे वैर नाही. भावंडे असली तरी सगळीच नाकेडोळी सारखी नसतात.

याखेरीज आणखी एक दुवा संभवतो, तो दाहाचा. मंद दाह शरीरात दीर्घकाळ चालू राहिला की वाहिनीचे अस्तर आपला गुळगुळीत, रक्ताला गोठू न देणारा गुण गमावते, मग ती वाहिनी कोणतीही असो. आणि गुठळी व काठिण्य यांचा संबंध उलट दिशेनेही असू शकतो, हे तर फार जुने मत आहे. व्हिएन्नाचा कार्ल रोकिटान्स्की एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास म्हणत होता की, रोहिणीच्या भिंतीवर रक्तातील पदार्थांचे थर बसतात व त्यांतूनच काठिण्य निपजते. विरखोने त्यास विरोध केला. रोकिटान्स्कीचे मत मागे पडले, आणि १९४६ साली डुगिड या ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञाने भिंतीत जिरून गेलेल्या जुन्या गुठळ्या दाखवून ते पुन्हा पुढे आणले. आज दोघांचेही काही अंशी खरे मानले जाते.

औषधांच्या प्रयोगांतून आलेला पुरावा मला स्वतःला अधिक बोलका वाटतो, कारण तो कोणी शोधावयास गेले नव्हते अशा ठिकाणी सापडला. रोसुव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध रोहिण्यांच्या रक्षणासाठी १७,८०२ लोकांवर अजमावण्यात आले. त्यांतील निम्म्यांना औषध व निम्म्यांना तसेच दिसणारी निष्क्रिय गोळी दिलेली होती. २००९ साली हिशेब केला तेव्हा औषध घेणाऱ्यांपैकी ३४ जणांना आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी ६० जणांना नीलेतील गुठळीचा विकार झालेला आढळला. तीन वर्षांनी, २०१२ साली, इटलीतील एका प्रयोगात बिंबाणूंना आवरणाऱ्या ऍस्पिरिनने 'लाल' गुठळीची पुनरावृत्तीही कमी केली. उपचार पुरा झालेल्या ४०२ रुग्णांत ती ऍस्पिरिन घेणाऱ्या २०५ पैकी २८ जणांना आणि न घेणाऱ्या १९७ पैकी ४३ जणांना झाली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका प्रयोगात हा लाभ इतका स्पष्ट दिसला नाही, हेही नमूद केले पाहिजे. लाल आणि पांढरी यांच्यामध्ये पाठ्यपुस्तकांनी बांधलेला बांध एवढा पक्का नव्हता, इतके यातून नक्की होते. मात्र यावरून कोणी आपल्या मनाने औषध सुरू करू नये. ऍस्पिरिन क्लथनरोधक औषधांची जागा घेत नाही, आणि दोन्ही प्रकारची औषधे रक्तस्राव घडवू शकतात.

बाळंतिणीचे तीन महिने

नीलेतील गुठळी हा पाश्चात्त्यांचा रोग आहे, आपल्याकडे तो विरळा, अशी समजूत भारतीय डॉक्टरांतही बराच काळ होती. तमिळनाडूतीलच वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाने १९९६ ते २००५ या दहा वर्षांतील आपल्या नोंदी तपासल्या, तेव्हा दाखल झालेल्या दर दहा हजार रुग्णांमागे सुमारे १७ जणांत ती निश्चित झालेली आढळली. रोग विरळा नव्हता. त्याचा शोध घेणे विरळा होते.

बाळंतिणीविषयी तर अलीकडे फार नेमकी माहिती मिळाली आहे. कॅलिफोर्नियातील १६ लाख ८७ हजारांवर प्रसूतींच्या नोंदी पाहून २०१४ साली असे प्रसिद्ध झाले की, प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत गुठळीच्या विकारांचे प्रमाण त्याच स्त्रियांच्या एक वर्षानंतरच्या काळाच्या मानाने दहापटींहून अधिक असते. सातव्या ते बाराव्या आठवड्यात ते सुमारे दुप्पट उरते, आणि नंतर झपाट्याने उतरते. या पाहणीत पायाची गुठळी व फुप्फुसातील अंतर्कीलन यांच्याबरोबर पक्षाघात आणि हृदयविकाराचा झटकाही मोजलेला होता. रक्त गोठण्याकडे झुकलेले असले की नीला व रोहिणी या दोन्हींना त्याची झळ लागते. भेद एवढाच की, या तरुण स्त्रियांत संख्येने नीलेचे विकार पुष्कळ अधिक होते : १,०१५ पैकी ७२०. प्रत्यक्ष धोका मात्र लहानच असतो. पहिल्या सहा आठवड्यांत दर एक लाख प्रसूतींमागे सुमारे २२ अधिक स्त्रियांना हा विकार होतो.

बारा आठवडे म्हणजेच सरफोजीराजांच्या छत्रांतील तीन महिने. या योगायोगावरून जुन्यांना सगळे ठाऊक होते असा निष्कर्ष काढण्याचा मोह आवरला पाहिजे. परक्या मुलखात प्रसूत झालेल्या स्त्रीला अंगात बळ येऊन मूल घेऊन पुढे चालता यावे, एवढ्या साध्या माणुसकीच्या हिशेबाने तो काळ ठरविला असावा. परंतु ज्या काळात तिचा पाय सुजण्याची किंवा तिला एकाएकी धाप लागण्याची भीती सर्वांत अधिक, नेमक्या त्याच काळात ती एखाद्या वैद्याच्या नजरेखाली होती, ही गोष्ट मात्र खरीच.

आज अशी स्त्री डॉक्टरकडे आली तर तो तिची गुठळी विरघळू देण्यासाठी काही महिने क्लथनरोधक औषध देईल, तिला चालते-फिरते ठेवील, आणि पुढच्या गरोदरपणात आधीपासून काळजी घ्यावयास सांगेल. तिच्या गटाविषयी पादुआ व डेन्मार्क यांचे एकमत नसल्यामुळे तिच्या रक्तदाबाची नोंद त्याने अधूनमधून घेतली तर वावगे होणार नाही. यात्रेकरूच्या बाबतीत त्याचे काम अधिक असते. कारण नसलेल्या गुठळीमागे कधी कधी लपलेला कर्करोग असतो, म्हणून तो आधी त्या दिशेने प्रश्न विचारील. मग तो पायावरून नजर वर नेईल : रक्तदाब किती, लघवीत किंवा रक्तात साखर आहे काय, कमरेचा घेर केवढा, विडी-तंबाखू चालते काय, चार पावले भरभर चालले की छातीत दडपते काय. आणि पाय सुजलेला असताना एकाएकी धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर उद्याची वाट न पाहता त्याच घटकेस रुग्णालय गाठावयाचे, हे तो घरच्या माणसांना बजावून सांगेल.